पात्रांपुरती भाषा

सिंगापूरच्या दूरचित्रवाणीवर गेल्या शतकाच्या अखेरीस फुआ चू कांग नावाचा एक बांधकाम कंत्राटदार फार लोकप्रिय झाला होता. पायांत पिवळे गमबूट, चेहऱ्यावर ठसठशीत तीळ आणि तोंडी अस्सल सिंग्लिश, म्हणजे मलाय, होकिएन, कँटोनीज, तमिळ अशा घरगुती भाषांच्या खतपाण्यावर वाढलेली तिथली अनौपचारिक इंग्रजी. १९९९च्या ऑगस्टमध्ये ली क्वान यू यांनी ही इंग्रजी नागरिकांच्या वाट्याला येऊ नये असा अडसर असल्याचे म्हटले. त्याच महिन्यात पंतप्रधान गो चोक टोंग यांनी राष्ट्रीय दिनाच्या मेळाव्यात फुआ चू कांगचे नाव घेऊन तक्रार केली आणि त्याला मालिकेतच इंग्रजीच्या वर्गात घालण्याचे ठरले. २००० साली ‘चांगली इंग्रजी बोला’ अशी सरकारी चळवळही सुरू झाली.

साहित्याच्या अभ्यासकाने ही घटना हसून सोडून देऊ नये. जे पात्र अस्तित्वातच नाही त्याला शाळेत पाठविणारे शासन एक गोष्ट मान्य करीत होते : माणसे पात्रांकडून भाषा घेतात, आणि म्हणून कल्पित संवाद हा भाषिक सत्तेच्या दृष्टीने निरुपद्रवी नसतो. आपल्याकडे व्यवहार याच्या उलट चालतो. बोली पात्राच्या तोंडी आली की तिचे कौतुक होते. तीच विद्यार्थ्याच्या लेखणीतून उतरली की तिच्यावर तांबडी रेघ उमटते. स्थानिक, अनौपचारिक भाषारूपाला परावृत्त करावे की नाही, हा प्रश्न मराठीत वादविषय म्हणून अधूनमधून येतो खरा. पण मराठी समीक्षेने त्याचे होकारार्थी उत्तर फार पूर्वीच देऊन ठेवले आहे, आणि ते उत्तर ‘बोलीचा प्रभावी वापर’ या आपल्या नेहमीच्या शाबासकीत दडलेले आहे, असे मला वाटते.

मालेगाव म्हटले की बहुतेकांना नाशिक जिल्ह्यातले यंत्रमागांचे शहर आठवते. येथे अभिप्रेत आहे ते अकोल्याहून वाशीमला जाताना लागणारे तालुक्याचे गाव. १९९८ साली अकोला जिल्ह्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला तेव्हा ते नव्या जिल्ह्यात आले. या भागाची भाषा वऱ्हाडी. पदवीच्या वर्गाला उद्धव शेळके यांची ‘धग’ (१९६०) शिकविताना तपासलेली एक उत्तरपत्रिका माझ्या मनातून जात नाही. कौतिकच्या स्वभावाविषयी एका मुलाने लिहिले होते : ‘कौतिकले वाटते का आज नाही त उद्या नवरा सुधरीन.’ मी ‘कौतिकले’वर रेघ मारून ‘कौतिकला’ केले, ‘का’च्या जागी ‘की’ आणि ‘त’च्या जागी ‘तर’ घातले, ‘सुधरीन’चे ‘सुधारेल’ केले आणि दोन गुण कापले. त्याच गठ्ठ्यात दुसऱ्या एका मुलाने ‘लेखकाने वऱ्हाडी बोलीचा अत्यंत समर्थ वापर केला आहे’ असे मार्गदर्शकातले वाक्य जसेच्या तसे उतरविले होते. त्याला मी पूर्ण गुण दिले. पहिल्या मुलाला कौतिक कळली होती. दुसऱ्याने कादंबरी उघडली असेल याविषयी मला आजही शंका आहे.

यात भाषाशास्त्राचा काहीच दोष नाही. ग्रियर्सनच्या भारतीय भाषासर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली निघाला, तेव्हापासून वऱ्हाडीची रूपे व्यवस्थित नोंदली गेली आहेत. पुढे ना. गो. कालेलकरांनी प्रमाणभाषा ही देखील एक बोलीच असते आणि तिचे महत्त्व भाषेबाहेरच्या कारणांनी ठरते, हे मराठी वाचकाला सोप्या शब्दांत समजावून दिले. ‘मले’, ‘तुले’ यांतील ‘ले’ हा प्रत्यय ‘ला’ इतकाच नियमबद्ध आहे. ‘डोळे’चे ‘डोये’ आणि ‘शाळा’चे ‘शाया’ होताना ‘ळ’चा ‘य’ काही आळसाने होत नाही. ‘तो येईन’ हे प्रमाण मराठीच्या कानाला प्रथमपुरुषी वाटते, पण वऱ्हाडी बोलणाऱ्याचा तिथे कधीच घोटाळा होत नाही. ‘करून राह्यलो’ या रूपात चालू क्रियेची जी रेंगाळती छटा आहे ती ‘करीत आहे’ने तितकी साधत नाही. तेव्हा वऱ्हाडी ‘अशुद्ध’ आहे असे म्हणणारा अभ्यासक आज सापडणार नाही. असे असूनही माझी तांबडी रेघ कुठून आली, याचा शोध समीक्षेतच घ्यावा लागतो.

‘धग’मधील कौतिक, महादेव, भीमा, नामा ही माणसे वऱ्हाडीत बोलतात. त्यांच्याविषयी सांगणारा निवेदक मात्र मुख्यतः प्रमाण मराठीत सांगतो. स्थानिक शब्दांनी त्याच्या भाषेला रंग येतो, पण तिचे व्याकरण बदलत नाही. चाळीस वर्षांनंतरच्या सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’मध्ये (साहित्य अकादमी पुरस्कार, २००४) निवेदन बोलीच्या पुष्कळ जवळ सरकलेले आहे. तरीही सांगाडा प्रमाण मराठीचाच राहतो. हे या दोन कादंबऱ्यांचे न्यून म्हणून मी सांगत नाही. शेळक्यांच्या निवेदनातील अलिप्त, कोरडा स्वर आणि कौतिकचे धगधगते बोलणे यांच्या ताणातूनच ‘धग’ उभी राहते. मुद्दा एवढाच, की ही विभागणी आपल्याला इतकी स्वाभाविक वाटते की ती विभागणी आहे हेही आपण विसरतो. मराठी लेखनविषयक नियमांतही तिची छाया आहे. ‘केलं’, ‘झालं’ ही शीर्षबिंदूची रूपे बोलण्याच्या भाषेपुरती मान्य झाली. अन्य प्रसंगी एकारान्त रूपे लिहावीत असे ठरले. पुण्यातल्या सुशिक्षित माणसाच्या तोंडच्या रूपांनाही जिथे लेखनात असा परवाना काढावा लागतो, तिथे ‘कौतिकले’ची काय कथा!

ही विभागणी कादंबरीने निर्माण केलेली नाही. नाट्यशास्त्राच्या भाषाविधानात राजा, अमात्य, ब्राह्मण यांनी संस्कृत बोलावे, स्त्रिया व सेवक यांनी प्राकृत बोलावे, असा सर्वसाधारण दंडक आहे. अपवाद पुष्कळ आहेत. पण दंडकाची दिशा स्पष्ट आहे. याचे एक व्यवहारातले उदाहरण वाशीमलाच मिळाले. वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेतील दुसऱ्या विंध्यशक्तीचे जे ताम्रपट १९३९ साली वाशीमला उजेडात आले, त्यांत राजवंशाची वंशावळ संस्कृतात आहे आणि दानाचा प्रत्यक्ष व्यवहार सांगणारा भाग प्राकृतात. आपण कोण हे सांगायचे ते संस्कृतात, आणि कोणाला काय दिले व कोणती सूट दिली हे प्राकृतात. आधुनिक कादंबरीचा निवेदक आणि तिची पात्रे यांची भाषिक वाटणी मला या ताम्रपटाची दूरची वारस वाटते.

पण याच वत्सगुल्माने, म्हणजे आजच्या वाशीमने, ही वाटणी मोडल्याचीही साक्ष आहे. या शाखेचा मूळ पुरुष सर्वसेन याने ‘हरिविजय’ हे काव्य महाराष्ट्री प्राकृतात लिहिले. काव्य आज उपलब्ध नाही. पण आनंदवर्धन, कुंतक, भोज यांनी त्याची दखल घेण्याइतकी त्याची प्रतिष्ठा होती. राजा स्वतः जेव्हा ‘पात्रांची’ भाषा घेऊन निवेदन करू लागतो तेव्हा दंडक आपोआप सैल होतो. पुढे राजशेखराने ‘कर्पूरमंजरी’ हे सट्टक संपूर्णपणे प्राकृतात रचले. त्यातील राजाही प्राकृतच बोलतो. संस्कृत का सोडले, हा प्रश्न राजशेखराने प्रस्तावनेतच उपस्थित करून घेतला आहे, यावरून त्याला आपल्या धाडसाची पूर्ण कल्पना होती असे दिसते. या सट्टकाच्या आरंभी तो ज्या रीतींचे स्मरण करतो त्यांत ‘वच्छोमी’ आहे. वच्छोमी म्हणजे वत्सगुल्माची, अर्थात वैदर्भी. मालेगावच्या मुलाच्या वाक्यावर रेघ मारणाऱ्या हाताने काव्यशास्त्राच्या तासाला ‘वैदर्भी ही सर्वगुणसंपन्न रीती’ असे फळ्यावर लिहावे, यातला विनोद माझ्या ध्यानात यायला बरीच वर्षे लागली.

अर्थात या साखळीवरून ‘वैदर्भी म्हणजेच वऱ्हाडी’ असा प्रादेशिक अभिमानाचा निष्कर्ष काढणे हास्यास्पद ठरेल. संस्कृत काव्यशास्त्रानेच त्यावर आक्षेप घेऊन ठेवले आहेत. वामन सांगतो की विदर्भादी देशांत या रीती आढळल्या म्हणून त्यांना ती नावे पडली. देशाचा काव्यावर काही उपकार नाही. कुंतक त्याहून परखड आहे. मामेबहिणीशी लग्न करण्याची चाल जशी एखाद्या देशाची असते तशी काव्याची रीती देशाची असू शकत नाही, असे म्हणून तो देशवाचक नावेच टाकून देतो आणि सुकुमार, विचित्र, मध्यम असे मार्ग मानतो. कुंतकाचा हा आक्षेप देशीयतेच्या आजच्या पुरस्कर्त्यांनी अधिक गंभीरपणे घ्यायला हवा होता. बोलीत लिहिले म्हणून लेखन अस्सल होत नाही. पण त्याच न्यायाने प्रमाणभाषेत लिहिले म्हणून ते विचारक्षमही होत नाही, हे कुंतकाचेच दुसरे टोक आहे आणि ते मात्र आपण सोयीस्करपणे वाचत नाही.

येथे पुन्हा इंग्रजीकडे वळणे उपयुक्त ठरेल, कारण मुंबईत हाच प्रश्न इंग्रजीच्या संदर्भात दोन कवींनी दोन तऱ्हांनी हाताळला. निस्सीम इझिकेल यांच्या ‘व्हेरी इंडियन पोएम्स इन इंडियन इंग्लिश’ या कविता प्रसिद्ध आहेत. त्यांतील वक्ते चालू वर्तमानकाळाचा भारतीय पद्धतीने मुक्त उपयोग करतात आणि वाचक हसतो. (वऱ्हाडीतल्या ‘करून राह्यलो’वर पुण्या-मुंबईच्या प्रेक्षागृहात जे हसू येते ते याच जातीचे. चालू काळात असे काय विनोदी आहे, हे एकदा कोणीतरी तपासायला हवे.) या कवितांत कवीची स्वतःची इंग्रजी कागदावर नसते, पण तिच्याशिवाय विनोद घडत नाही, वाचक कवीच्या शेजारी बसून वक्त्याकडे पाहतो. इझिकेल हे मोठे कवी असल्यामुळे हे हसू निर्धास्त राहत नाही. ‘द पेट्रिअट’मधला माणूस मोडक्या इंग्रजीत जे बोलतो त्यात शहाणपणही आहे, आणि आपण नेमके कशाला हसलो असा प्रश्न मागे उरतो. तरीही अंतर कायम राहतेच. अरुण कोलटकरांनी मुंबईच्या रस्त्यावरच्या हिंदीत जी कविता लिहिली आणि पुढे ‘थ्री कप्स ऑफ टी’ म्हणून अमेरिकी गुंडकथांच्या वळणाच्या इंग्रजीत नेली, तिच्यात हे अंतर नाही. तिथे बोलणाऱ्याच्या डोक्यावर कोणी शुद्ध बोलणारा उभा नाही. त्या हिंदीला हसायचे तर वाचकाला स्वतःच्या जबाबदारीवर हसावे लागते. आणि अनुवाद करताना कोलटकरांनी ‘चांगली’ इंग्रजी निवडली नाही, एका बोलीला दुसरी बोली दिली. हा निर्णय मला समीक्षेच्या दृष्टीने एखाद्या निबंधाइतका मोलाचा वाटतो.

त्रिनिदादच्या सॅम्युअल सेल्व्हन यांचा अनुभव आणखी थेट आहे. ‘द लोनली लंडनर्स’ (१९५६) ही कादंबरी त्यांनी आधी संवाद बोलीत आणि निवेदन प्रमाण इंग्रजीत अशी लिहायला घेतली. ती पुढे सरकेना. निवेदनही बोलीत घेतल्यावर ती वेगाने लिहून झाली. सेल्व्हन यांना जी अडचण जाणवली ती भाषाभिमानाची नव्हती, दृष्टिकोनाची होती. निवेदकाची भाषा प्रमाण ठेवली की लंडनमधली ती काळी माणसे आपोआप कोणाच्या तरी नजरेतून दिसू लागत.

मराठीत हा प्रयोग झालाच नाही असे नाही. पुरुषोत्तम बोरकर यांच्या ‘मेड इन इंडिया’ या कादंबरीत नायक आपली कहाणी स्वतः वऱ्हाडीत सांगतो आणि तीत इंग्रजी शब्द आपल्या मर्जीने, आपल्या उच्चाराने वागवितो. म्हणजे अनौपचारिक स्थानिक मराठी आणि अनौपचारिक स्थानिक इंग्रजी ही दोन्ही ‘निषिद्ध’ भाषारूपे तिथे निवेदनाच्या आसनावर बसली आहेत. गावचे राजकारण, शेती आणि शिक्षण यांची त्यात केलेली चिकित्सा पात्राच्या तोंडची मल्लिनाथी म्हणून येत नाही. तीच कादंबरीची विचारदृष्टी आहे. या कादंबरीला वाचक लाभले, तिचे एकपात्री प्रयोगही झाले. समीक्षेने मात्र तिला प्रामुख्याने ‘विनोदी’ या खणात ठेवले. बोली निवेदनात शिरली तेव्हा तिला परत पात्राच्या जागी नेऊन बसविण्याची ही युक्ती होती, असे मला वाटते. लेखकाने पात्र आणि निवेदक यांतील भिंत पाडली, तर समीक्षेने निवेदकालाच पात्र करून टाकले.

या युक्तीची परंपरा जुनी आहे. ‘निबंधमाले’त विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी जोतीराव फुल्यांच्या लेखनाचा समाचार घेताना त्यांच्या व्याकरणाची आणि भाषेची टर उडविली. फुल्यांच्या युक्तिवादाला उत्तर देण्याऐवजी तो मांडणारी भाषा विचाराला लायक नाही असे सुचविणे अधिक सोपे होते. फुल्यांनी ‘गुलामगिरी’साठी (१८७३) संवादाचे रूप निवडले हे या संदर्भात महत्त्वाचे आहे. धोंडीबा प्रश्न विचारतो, जोतीराव उत्तरे देतो. वरून निवाडा देणारा तिसरा, शुद्ध निवेदक नाही. ज्या दालनात बोलीला कोंडून ठेवायचे त्या संवादाच्या दालनातच फुल्यांनी सारा विचार आणून ठेवला. गाडगेबाबांच्या (१८७६–१९५६) कीर्तनाची रीतही हीच होती. समोरच्या माणसांना वऱ्हाडीत साधे प्रश्न विचारायचे, त्यांच्याच उत्तरातली विसंगती दाखवायची आणि शेवटी नवस, बळी, कर्ज, अस्पृश्यता यांविषयीचा निष्कर्ष श्रोत्यांच्याच तोंडून काढून घ्यायचा. त्यांच्या १९५६ सालच्या मुंबईतील कीर्तनाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. वऱ्हाडीत तर्क चालतो का, अशी शंका ज्याला असेल त्याने ते एकदा ऐकावे. आम्ही ते ‘लोकसाहित्य’ या अभ्यासपत्रिकेत शिकवितो. ‘निबंध’ या वाङ्मयप्रकाराच्या इतिहासात त्याला कोणी जागा देत नाही.

या सगळ्यावर एक रास्त आक्षेप आहे, आणि तो मला माझ्याच एका सहकाऱ्याने घेतला. त्याचे म्हणणे असे : वैदर्भी, कुंतक, सेल्व्हन हे सारे ठीक, पण त्या मुलाला उद्या स्पर्धा परीक्षा द्यायची आहे. तिथे ‘सुधरीन’ लिहिले तर त्याचेच नुकसान होईल, आणि तुमची उदार समीक्षा त्या वेळी त्याच्या मदतीला येणार नाही. बोलीचे गोडवे गाणे हे ज्यांनी प्रमाणभाषा आधीच कमावली आहे त्यांना परवडते. सिंगापूरच्या राज्यकर्त्यांचा युक्तिवाद तरी याहून वेगळा कुठे होता? अडाणी राहिलेल्याला व्यापाराच्या जगात कोण विचारणार, हीच त्यांची काळजी होती.

हा आक्षेप मी टाळू इच्छित नाही. प्रमाण मराठी शिकविणे सोडावे असे माझे म्हणणे नाहीच. तसे केल्यास ती शहरांतल्या काही घरांची मिरास होऊन बसेल. परंतु एक भाषारूप शिकविणे आणि दुसऱ्याला परावृत्त करणे या दोन क्रिया एकच आहेत असे गृहीत धरण्याचे कारण नाही. ‘कौतिकला’ हे रूप शिकायला ‘कौतिकले’ची लाज वाटावी लागत नाही. उलट या लाजेची किंमत मोठी असते, आणि ती आम्ही मराठीचे शिक्षक रोज पाहतो. प्रथम वर्षाला वर्गात मोकळे बोलणारी मुले तिसऱ्या वर्षापर्यंत गप्प होतात. त्यांच्या उत्तरांतील व्याकरण सुधारलेले असते, आणि कादंबरीविषयी स्वतःचे असे त्यांना काही सांगायचे उरलेले नसते. मार्गदर्शकातली वाक्ये त्यांना पाठ होतात. आज मराठीतील संशोधनप्रबंधांच्या भाषेला जो निर्जीव साचा आला आहे त्याचे एक मूळ मी इथे पाहतो. ज्या भाषेत विचार करायची सवय होती ती ‘पात्रांची’ ठरली, आणि जिच्यात लिहायचे तीत विचार करण्याची सवय कोणी लावलीच नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. त्याच वर्षी रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठही सुरू झाले. म्हाइंभटाने ज्या रिद्धपुरी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले ते हे गाव वऱ्हाडातच आहे, आणि नागदेवाचार्यांनी आपल्या विद्वान शिष्यांना संस्कृतात लिहिण्यापासून रोखले ते सामान्य बाया-माणसे धर्माला मुकतील म्हणून. परावृत्त करण्याचा तो एक वेगळाच नमुना होता : तिथे प्रतिष्ठित भाषेला आळा घातला गेला. ‘लीळाचरित्रा’त सांगणाऱ्याची आणि बोलणाऱ्याची मराठी फारशी वेगळी नाही, हे अभिजाततेचा पुरावा म्हणून त्या ग्रंथाकडे बोट दाखविताना कोणी ध्यानात घेतले असेल तर चांगले.

हा लेख मी प्रमाण मराठीत लिहिला आहे आणि याहून वेगळ्या भाषेत तो मला लिहिता आला नसता. माझ्या आजीशी मी ज्या भाषेत बोलत असे तिच्यात ‘निवेदक’ला शब्द नाही, असे मी पूर्वी सहज म्हणत असे. शब्द आहे : ‘सांगणारा’. गोठ सांगणारा. तो वापरायला माझीच जीभ अडखळते.

अलीकडे उत्तरपत्रिका तपासताना मी ‘ले’वर रेघ मारीत नाही, समासात प्रमाण रूप लिहून ठेवतो आणि गुण कापत नाही. माझ्या सहकाऱ्याला हे पसंत नाही. वरच्या परीक्षेत कापले जाणारे गुण कोणी भरून देणार नाही, असे तो म्हणतो, आणि त्याचे हे म्हणणे खोडून काढण्यासारखे माझ्यापाशी अजून काही नाही. गेल्या सत्रात एका मुलीने ‘बारोमास’वरचा टिपणाचा मसुदा मला दाखविला. अर्धा वऱ्हाडीत, अर्धा प्रमाण मराठीत. पक्का करताना कोणत्या भाषेत करू, असे तिने विचारले. मी तिला दोन दिवसांनी ये म्हणून सांगितले.